चार पोती पुस्तकं

भाकऱ्या आटोपून रेडिओजवळ बसला असाल, नाहीतर भाजी निवडता निवडता कान इकडे दिला असेल, तर तसाच राहू द्या. आज हप्ता, थकबाकी, बँकेचे कागद यातलं काही बोलणार नाही. आज विद्यापीठाच्या ग्रंथालयाबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांचं तिथं काय काम? आमचंही नव्हतं. काम काढलं ते गुरुजींच्या काकूंनी.

गुरुजी आमच्या गावच्या शाळेतून रिटायर झालेले. मागच्या पावसाळ्यात गेले. घरात पुस्तकांची दोन कपाटं आणि माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक. मुलगा पुण्याला. तो म्हणाला, आई, रद्दीवाल्याला बोलाव. काकू दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. त्या आमच्या गटाच्या अगदी पहिल्या सभासद. तिसऱ्या दिवशी बैठकीला आल्या आणि म्हणाल्या, "ह्यांची पुस्तकं विद्यापीठात गेली पाहिजेत. तुम्ही नेऊन पोचवा." आम्ही हो म्हटलं. गटात शब्द दिला की दिला.

वर्गणी काढून टेम्पो केला. चार पोती पुस्तकं, वर ती ट्रंक. काकू पुढे ड्रायव्हरशेजारी, आम्ही चौघी मागे पोत्यांवर. खरं सांगायचं तर आमच्या मनात असं होतं की तिथले लोक हातात नारळ देतील, फोटो काढतील. एवढी पुस्तकं फुकट मिळतात म्हणजे काय! आमच्यातल्या दोघी बी.ए. झालेल्या, पण त्यांनीही विद्यापीठाचं ग्रंथालय आतून कधी पाहिलं नव्हतं. कॉलेजात पुस्तकांचं कपाट होतं, त्याची किल्ली शिपाईमामांकडे असायची आणि शिपाईमामा जागेवर नसायचे. असो.

ग्रंथपाल मॅडम स्वतः बाहेर आल्या. पोती उघडून व्हरांड्यात पुस्तकं मांडली. त्यांनी एकेक हातात घेतलं, उलटंपालटं केलं, शिवणीत बोट घालून पाहिलं, वास घेतला. तासाभरानं म्हणाल्या, "काकू, यातली पंधरा-वीस पुस्तकं आम्हाला ठेवता येतील. बाकीची नाही घेता येणार."

काकूंचा चेहरा आम्हाला बघवेना. आमच्यातली एक तिथल्या तिथे बोलली, "मॅडम, धर्माची गाय, तिचे काय दात मोजता?" मॅडमना राग आला नाही. म्हणाल्या, "दात नाही मोजत ताई. वैरण मोजते. गाय धर्माची मिळाली तरी वैरण विकतच आणावी लागते." आणि आम्हाला आत नेऊन चहा सांगितला. पुढचे दोन तास आम्ही जे ऐकलं आणि पाहिलं ते सांगण्यासाठी हे भाषण.

आधी वैरणीचं सांगतो. पुस्तक ग्रंथालयात आलं की त्याला दाखल क्रमांक पडतो, मोठ्या नोंदवहीत त्याची ओळ लिहिली जाते. मग ते कोणत्या विषयाचं ते ठरवून त्याला वर्गाचा आकडा देतात, संगणकावर त्याची नोंद करतात, पाठीवर चिठ्ठी, आत बारकोड. मग मांडणीवर जागा. मग धूळ, कसर, वाळवी, औषधफवारणी. मग वर्षा-दोन वर्षांनी मोजणी. या प्रत्येक पायरीला माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो. गुरुजींची 'ययाति', 'मृत्युंजय', 'श्यामची आई' ही पुस्तकं तिथं आधीच सात-सात, आठ-आठ प्रतींनी होती. डी.एड.ची जुनी क्रमिक पुस्तकं अभ्यासक्रम बदलल्यामुळे कुणी मागणार नव्हतं. आणि एका पोत्यात कसर लागलेली होती. ते पोतं आत नेलं असतं तर शेजारची चांगली पुस्तकंही गेली असती. हे आम्हाला लगेच पटलं. किडकं धान्य चांगल्या कणगीत कोण ओततं?

मोजणीवरून एक गंमत सांगतो. केंद्र सरकारचे २०१७ चे वित्तीय नियम आहेत. त्यांत असं आहे की वर्षभरात एक हजार पुस्तकांची देवघेव झाली आणि त्यामागे पाच पुस्तकं गहाळ झाली, तर ते चालण्यासारखं धरायचं. हजार रुपयांपेक्षा महाग किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं, तर मात्र चौकशी. हे ऐकून आमच्या खजिनदार म्हणाल्या, "आपल्याला हजारात पाच रुपये कमी आले तर चालतील का?" नाही चालत. आम्हाला पाच रुपयांसाठी रात्री अकरापर्यंत बसवलेलं आहे.

मग आम्ही सरळच विचारलं, की मॅडम, तुम्ही पुस्तकं घेता तरी कशी? कोण ठरवतं? आम्हाला वाटलं होतं, मॅडम दुकानात जातात आणि चांगलं दिसेल ते आणतात.

तसं नसतं. वर्षाच्या सुरुवातीला पैसे किती येणार ते ठरतं. ते विभागवार वाटून दिले जातात, इतिहासाला इतके, रसायनशास्त्राला इतके. प्रत्येक विभागातले प्राध्यापक आपापल्या विषयाची यादी देतात. कधी विक्रेते ग्रंथालयातच प्रदर्शन मांडतात, तिथं प्राध्यापक फिरून खुणा करतात. विद्यार्थ्यांसाठी मागणीची नोंदवही असते. सगळ्या याद्या एकत्र आल्या की आपल्याकडे ते पुस्तक आहे का, किती प्रती आहेत, किंमत किती, सवलत किती, हे बघतात. मग यादी ग्रंथालय समितीपुढे जाते. समिती मंजूर करते, नाहीतर काट मारते. हे ऐकताना आम्ही एकमेकींकडे बघून हसत होतो. कर्जमागणीचा अर्ज, कारण, आधीची बाकी, बैठकीत मंजुरी! आमचंच चाललंय की.

आणि आमच्यासारखीच तिथंही एक खोड आहे. जो मोठ्यानं मागतो त्याला मिळतं. एखाद्या विभागाचे प्राध्यापक जागरूक असले, वेळेत यादी दिली, तर त्या विषयाची कपाटं भरतात. एखाद्या विभागात वर्षानुवर्षं कुणी यादीच देत नाही. मॅडमनी आम्हाला एक अख्खी मांडणी दाखवली, तिथं एकाच विषयाची पुस्तकं ओळीनं होती आणि मग १५ वर्षं काहीच नव्हतं. "ते सर रिटायर झाले," मॅडम म्हणाल्या. एका माणसाच्या आवडीनं ग्रंथालयाला पोट सुटतं नाहीतर खड्डा पडतो. म्हणून लेखी धोरण लागतं, की कोणत्या विषयाचं सगळं मिळेल तेवढं घ्यायचं, कोणत्याचं फक्त शिकवण्यापुरतं घ्यायचं, आणि कोणत्याचं अजिबात नाही.

पैशातला मोठा वाटा पुस्तकांना जात असेल असं आम्हाला वाटलं, तेही चुकीचं निघालं. संशोधनाची नियतकालिकं असतात, बहुतेक इंग्रजी, बरीचशी परदेशातली, आता संगणकावरच वाचायची. त्यांची वर्गणी दरवर्षी भरायची. गाळ्याच्या भाड्यासारखं आहे ते. भाडं थांबलं की कुलूप. काही ठिकाणी तर कालपर्यंत वाचलेले जुने अंकही बंद होतात. यावर केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, १३ हजारांच्या आसपास नियतकालिकं आणि देशातल्या ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना ती वाचायला खुली. जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. म्हणजे दिल्लीतल्या मोठ्या संस्थेतला मुलगा जे वाचतो ते आपल्या विद्यापीठातली मुलगीही वाचू शकते. चांगलंच आहे. पण एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. त्यातलं बहुतेक सगळं सगळीकडे सारखंच. मग एका विद्यापीठाचं ग्रंथालय दुसऱ्याहून वेगळं कशानं ठरणार? मॅडम म्हणाल्या, "आसपासच्या मुलखातलं जे दुसरीकडे कुठंच नाही, ते आमच्याकडे असलं तर." हे वाक्य आम्ही तेव्हा नुसतं ऐकलं. त्याचा अर्थ पुढे कळला.

मध्येच काकूंनी विचारलं, "जगात सगळं सांभाळून ठेवणारं एकही ग्रंथालय नाही का?" आहे. आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे. त्यानुसार प्रकाशकानं छापलेल्या पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पाठवायची, आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांतही. तिथं जे छापलं ते जमा व्हायचं. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं तसं नाही. त्याला निवडावंच लागतं. आणि निवडायचं म्हणजे कुणाला तरी नाही म्हणायचं.

भिंतीवर एक फोटो होता, चष्मा लावलेल्या एका वयस्कर माणसाचा. शि. रा. रंगनाथन. हे मूळचे गणित शिकवणारे. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि मग जन्मभर तेच काम केलं. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतले दोन मॅडमनी आम्हाला समजावले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळायला हवं, आणि उलट प्रत्येक पुस्तकालाही त्याचा वाचक मिळायला हवा. मॅडम म्हणाल्या, "गुरुजींच्या कादंबऱ्यांचा वाचक इथं नाही काकू, तुमच्या गावात आहे." गावात सरकारी अनुदानावर चालणारं ड वर्गाचं वाचनालय आहे, तिथं न्या. आम्ही नेल्या. 'मृत्युंजय' पहिल्याच आठवड्यात घरी गेलं आणि अजून परत आलेलं नाही. या हातातून त्या हातात फिरतंय.

आता आमची मागणी. मागणीच्या नोंदवहीत बाहेरच्यांनाही लिहिता येतं का विचारलं, मॅडम म्हणाल्या, लिहा, घेऊच असं नाही. आम्ही लिहिलं, शेळ्यांच्या रोगांवर मराठी पुस्तक पाहिजे. मॅडम हसल्या. "ताई, आमच्याकडे शेळी शिकवत नाहीत." त्यासाठी नागपूरचं पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, राहुरी, परभणी, अकोला, दापोली इथं कृषी विद्यापीठं आहेत, त्यांच्या प्रकाशनांची चौकशी करा म्हणाल्या. जिथं जे शिकवतात तिथलं ग्रंथालय ते गोळा करतं. मग आम्ही विचारलं, इथं बचत गट शिकवतात का? मॅडम म्हणाल्या, "शिकवतात म्हणजे काय, त्याच्यावर पीएच.डी. होतात."

त्यांनी संगणकावर 'बचत गट' असं टाकलं. मैत्रिणींनो, पडदा भरला. ओळीच्या ओळी. या जिल्ह्यातले गट, त्या जिल्ह्यातले गट, सक्षमीकरण, आर्थिक विकास. २००९ पासून विद्यापीठांनी पीएच.डी.चे प्रबंध संगणकावरही जमा करायचे असा यूजीसीचा नियम आहे, ते 'शोधगंगा' नावाच्या साठ्यात जातात आणि कुणालाही फुकट वाचता येतात. आम्ही खाली खाली जात राहिलो, आणि आमचा तालुका आला.

आम्हाला तो मुलगा आठवला. मोटारसायकलवर आला होता, हातात छापील फॉर्मांचा गठ्ठा. तुमचं वय किती, शिक्षण किती, गटात आल्यावर निर्णय घ्यायची ताकद वाढली का, पूर्णपणे, काही प्रमाणात, अजिबात नाही. सोळा जणींनी फॉर्म भरले. त्याला चहा दिला, धपाटे दिले. नंतर तो दिसला नाही. त्यानं काय लिहिलं ते आम्हाला कधी कळलं नाही. आता पडद्यावर ते होतं. कोष्टकात आम्ही टक्के झालो होतो. वाईट लिहिलं नव्हतं, चुकीचंही फारसं नव्हतं. पण आमच्यातली एक बोलली, "आपल्याबद्दल एवढं आहे, आणि आपण स्वतः लिहिलेलं एक पानसुद्धा नाही होय?" मॅडम म्हणाल्या, "नाही. कारण तुम्ही कधी दिलं नाही, आणि आम्ही कधी मागितलं नाही."

तेवढ्यात काकूंनी ट्रंकेची आठवण केली. ती टेम्पोतच होती. तिच्यात कागदच आहेत म्हणून आम्ही खाली उतरवलीच नव्हती.

मॅडमनी त्या ट्रंकेपुढे चक्क फरशीवर बैठक मारली. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, पतसंस्थेचे जुने वार्षिक अहवाल, जत्रेची आणि निवडणुकीची हँडबिलं, भजनी मंडळाची वही. आणि सुताच्या दोऱ्यानं बांधलेली दोन शंभरपानी वह्या. गुरुजी तेव्हा नवे मास्तर होते. १९७२ च्या दुष्काळात गावाजवळ पाझर तलावाचं काम चालू होतं, तिथं संध्याकाळी जाऊन ते रोज काहीबाही लिहून ठेवायचे. आज कुठल्या वाडीची माणसं आली. खडी फोडायला बायका किती. पगार वाटला की नाही. सुकडी आली की नाही. एका पानावर लिहिलेलं होतं की बाळंतीण बाई आठव्या दिवशी कामावर आली. नाव होतं. ते नाव आम्ही ओळखलं. सांगत नाही.

त्या दुष्काळी कामांच्या अनुभवातूनच पुढे आपल्या राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि त्यानंतर २००५ साली देशाचा. त्यावर सरकारी अहवाल आहेत, विद्वानांची पुस्तकं आहेत, ती त्या ग्रंथालयातही आहेत. पण त्या खडीवर बसलेल्या माणसांच्या शेजारी उभं राहून त्याच संध्याकाळी लिहिलेलं काही तिथं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "काकू, पोत्यांतली पुस्तकं दुसरीकडे कुठंही मिळतील. ह्या दोन वह्या जगात दोनच आहेत."

काकू रडल्या नाहीत. म्हणाल्या, "ह्यांचं अक्षर घाण होतं. तुम्हाला लागेल का?"

मग फॉर्म आला. देणगीचा फॉर्म नीट वाचून सही करायची असते, हे आम्ही गटात शिकलोय, म्हणून काकूंना वाचून दाखवला. त्यात असं की एकदा दिलं की ते ग्रंथालयाच्या मालकीचं. वेगळं कपाट, नावाची पाटी, हे मागता येणार नाही. कालांतरानं उपयोग राहिला नाही तर ग्रंथालय ते दुसऱ्याला देईल किंवा काढून टाकेल. इथं काकू अडल्या. "म्हणजे माझ्यामागं ते रद्दीतच घालणार?" मॅडमनी खोटा दिलासा दिला नाही. छापील पुस्तकांना तो नियम लागू आहे, म्हणाल्या, जुनी आवृत्ती, फाटकी प्रत आम्ही समितीच्या मंजुरीनं काढतो, नाहीतर नव्याला जागा कुठून. हस्तलिखित वह्यांसाठी वेगळा कागद करता येतो, त्यात अटी घालता येतात. तो कागद त्या दिवशी नव्हताच. काकूंनी पुस्तकांवर सही केली आणि वह्या परत घरी आणल्या. तीन आठवड्यांनी कागद तयार झाला, तेव्हा जाऊन दिल्या. आम्हाला काकूंचं हे वागणं फार आवडलं.

निघताना मॅडमनी आम्हाला विचारलं, "तुमच्या गटाचं पहिलं इतिवृत्त आहे का?"

आहे. २००४ पासूनचं आहे. पहिल्या वहीत सगळं अक्षर अंगणवाडीच्या ताईंचं, कारण आमच्यात लिहिता येणारी कुणी नव्हती. खाली बारा अंगठे. तिसऱ्या वर्षी अंगठ्यांत एक वाकडीतिकडी सही दिसते, मग तीन, मग सात. पण मैत्रिणींनो, इतिवृत्तात नुसत्या सह्या नसतात, हे तुम्हालाही माहीत आहे. कुणी कशासाठी कर्ज मागितलं ते असतं. 'दवाखाना' लिहिलंय तिथं हात कशानं मोडला होता ते आपल्याला माहीत असतं. 'घरगुती' लिहिलंय तिथं तर बरंच काही माहीत असतं. काही जणी आता नाहीत, त्यांच्या सुना गटात आहेत.

यावर आमच्या दोन बैठका झाल्या आणि दोन्हींत भांडण झालं. एक बाजू म्हणाली, आपली धुणी विद्यापीठात नेऊन का वाळत घालायची? उद्या नातू तिथं शिकायला गेला आणि त्यानं आजीचं नाव वाचलं तर? दुसरी बाजू म्हणाली, नाही दिलं तर तो नातू आपल्याला टक्क्यांतच वाचेल. दोन्ही बाजू खऱ्या. मतदान घ्यायला आमची हिंमत झाली नाही, कारण अशा गोष्टीत सात विरुद्ध पाच असं जिंकून चालत नाही. शेवटी असं ठरलं. मूळ वह्या गटाकडेच राहतील, ग्रंथालयाला त्यांची स्कॅन केलेली प्रत. कर्जखात्याची वही अजिबात द्यायची नाही. इतिवृत्तातली नऊ पानं तीस वर्षं बंद ठेवायची, आणि बाकीच्या पानांवर जिला नाव नको असेल तिचं झाकायचं. प्रत्येकीला विचारलं. चार जणींनी झाकायला सांगितलं. त्या नऊ पानांतलं एक पान जिचं आहे, त्या आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या आक्का. अंगठाच करतात अजून. त्यांना पान वाचून दाखवलं. म्हणाल्या, "माझं पान बंद करू नका, अन् नावबी झाकू नका. मार खाल्ला तेव्हा कुणी झाकलं नव्हतं." त्यामुळे आता बंद पानं आठ आहेत.

तुमच्याही गटात, महिला मंडळात, भजनी मंडळात अशा वह्या असतील. कुठल्याशा ट्रंकेत गुरुजींसारखं कुणीतरी लिहून ठेवलेलं असेल. टेम्पो करायच्या आधी ग्रंथालयाला फोन करा, ही आमची एक अक्कलखाती जमा झालेली सूचना. काय आहे ते सांगा, दोन फोटो पाठवा, देणगीचं धोरण विचारा, आणि सहीच्या आधी कागद दोघींनी वाचा.

परवा मॅडमचा फोन आला होता. आमच्या इतिवृत्ताची संगणकावर नोंद करायची आहे आणि एक रकाना अडलाय. 'लेखक' या रकान्यात काय लिहू, असं त्या विचारत होत्या. अक्षर अंगणवाडीच्या ताईंचं, बोलणं आमचं, अंगठे बाराजणींचे. ताई म्हणतात माझं नाव नको. काहीजणी म्हणतात गटाचं नाव घाला. आक्का म्हणतात बारा जणींची बारा नावं घाला, रकान्यात मावत नसतील तर रकाना मोठा करा. मॅडमना आम्ही मंगळवारपर्यंतची मुदत मागितली आहे. बैठकीच्या विषयांत तिसरा विषय म्हणून घेतलाय. पहिला शेळ्यांचा विमा, दुसरा थकबाकी.